वास न येणारं पाणी

विहिरीत उतरलेला मेकॅनिक निम्म्यातूनच वर आला, तिथून हे सगळं सुरू झालं. मे २०२४. उजनी धरण उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या पातळीच्याही खाली, गेलं होतं. सोलापुरात नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी सहा दिवसांनी, आणि ज्याच्या दारात बोअर किंवा जुनी विहीर त्याच्या दारात अख्ख्या गल्लीच्या घागरी. हमरस्त्यालगतच्या एका वस्तीत अशीच एक दगडी बांधणीची विहीर आहे. तिची मोटार जळाली म्हणून मेकॅनिक आला. उतरण्याआधी त्याने विडी काढली, पण घरातल्या म्हाताऱ्या आजी समोर बसल्या होत्या म्हणून ती कानामागे खोचली. सात-आठ पायऱ्या उतरला आणि परत फिरला. "खाली पेट्रोलचा वास यायलाय. डोकं गरगरतंय. मी नाही उतरत."

ती न पेटवलेली विडी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वारा नसलेल्या विहिरीत ती पाण्यावर थर धरून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. आणि ठिणगी नसली तरी खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

मी भूवैज्ञानिक आहे. माझं रोजचं काम म्हणजे बोअरची जागा बघणं, पुनर्भरणाचे खड्डे आखणं. मधली काही वर्षं पुण्यात कारखान्यांच्या दूषित जमिनी तपासण्याच्या कामात होते. विहिरीपासून सव्वाशे मीटरवर, चढाच्या बाजूला एक पेट्रोल पंप आहे. तपासणीचं काम पुण्याच्या एका सल्लागार संस्थेकडे गेलं आणि स्थानिक जमीन ओळखणारं माणूस म्हणून त्यांनी मला घेतलं. पंप कोणता, कंपनी कोणती, हे मी लिहिणार नाही. पंपाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

पहिल्या संध्याकाळी तपासणी वगैरे काही नव्हती. माणसं वाचवायची होती. विहिरीजवळच्या पेटीतला स्टार्टर बंद करायला एक मुलगा पुढे झाला, त्याला ओरडून थांबवलं, कारण बटण दाबतानाही आत ठिणगी पडते. वीज खांबावरून तोडली. ज्वलनशील वायूचं मीटर दोरीने विहिरीत सोडलं, ते चौथ्या पायरीलाच कोकलायला लागलं. विहिरीभोवती बांबू बांधले, दोन पोरांना रात्रभर बसवलं. शेजारच्या घराच्या तळघरातही मीटर फिरवलं, कारण वाफ जमिनीच्या फटींतून घरात शिरू शकते. तिथे काही नव्हतं. लोकांनी ते मीटर बघितलं, आकडा शून्य बघितला, तेव्हा कुठे जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या केबिनमध्ये रजिस्टरं घेऊन बसले. पंपाची सकाळ डिपने सुरू होते. टाकीत पितळी दांडी सोडायची, किती ओली झाली ते तक्त्याशी ताडून लिटर काढायचे, टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावायची, तिचा रंग बदलला तर टाकीत पाणी आहे. मग घनता, मग काल विकलेलं आणि आज उरलेलं यांची जुळणी. पेट्रोल उडतं, म्हणून थोडी घट धरलेलीच असते. गळती लपते ती त्या धरलेल्या घटीतच. पाच हजार लिटर विकणाऱ्या पंपावर दहा लिटर कमी भरले तर कोणाच्या भुवया उंचावतील? पण रोज दहा लिटर म्हणजे वर्षाला ३,६५० लिटर.

अण्णांची रजिस्टरं स्वच्छ होती. एकाही दिवशी घट मर्यादेबाहेर नव्हती. मी रोजची घट वेगळी न बघता एकावर एक बेरीज करत गेले आणि चौकटीच्या वहीत रेघ काढली. दिवाळीपर्यंत रेघ जरा वर, जरा खाली, अशी चालली होती. दिवाळीनंतर ती फक्त खाली जात होती. अण्णा बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. "म्हणजे सहा महिने," एवढंच म्हणाले.

टाक्यांची आणि पाइपांची चाचणी कंपनीच्या ठेकेदाराने केली. टाक्या घट्ट निघाल्या. पेट्रोलच्या एका पाइपात नायट्रोजन भरला तर दाब टिकेना. शेवटच्या डिस्पेन्सरखालचं, म्हणजे गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राखालचं काँक्रीट फोडलं, तेव्हा जोडावरचा एल्बो, पाइपाचा वळणाचा तुकडा, गंजलेला सापडला. त्याच्या खालची काळी माती हिरवट-निळसर झाली होती आणि ती उघडी पडताच सगळे दोन पावलं मागे सरकले.

असं का झालं, ते समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. पूर्वी डिस्पेन्सर टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. तेव्हा जोड सैल झाला तर पाइपात हवा शिरायची, नोझल नीट चालायचं नाही, लगेच कळायचं. काही वर्षांपूर्वी टाकीच्या आत बसणारा पंप आला. तो पेट्रोल पुढे ढकलतो. आता जोड सैल झाला तर पेट्रोल बाहेर पडतं, आणि नोझलवर गिऱ्हाइकाला काहीच जाणवत नाही. बाकी सगळे पाइप बदलताना हा एक जुना लोखंडी तुकडा राहून गेला होता. त्यात तो काळ्या मातीत. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. ज्याने सोलापुरात घर बांधलंय त्याला भिंतींच्या तड्यांवरून हे माहीत असतं. ती दरवर्षी पाइपालाही एकदा वर उचलते, एकदा खाली सोडते.

इथपर्यंत पंपाचं काम. यापुढे माझं होतं: गेलेलं पेट्रोल आता कुठे आहे?

वरच्या जमिनीसाठी हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, वापरला. प्रत्येक भोक आधी दीड मीटर पहार-फावड्याने खणायचं, कारण खाली केबल किंवा पाइप असला तर यंत्राला ते कळत नाही. माती पिशवीत घालून तोंड बांधायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी आत घालायची. वरची काळी माती, एल्बोची जागा सोडली तर, जवळजवळ स्वच्छ. खाली मुरूम लागला की आकडा चढायचा आणि मुरूम संपून काळा पाषाण लागतो तिथे सगळ्यात जास्त. पेट्रोल सरळ खाली गेलं होतं आणि पाषाणावर येऊन आडवं पसरलं होतं.

पाषाणात भोक पाडायची वेळ आली तेव्हा गावातल्या सगळ्यांचा एकच सल्ला. "मॅडम, बोअरची गाडी बोलवा की, तासाभरात दोनशे फूट." तमिळनाडूहून येणाऱ्या त्या गाड्या आपल्या भागात रात्रंदिवस फिरतात, मीही त्यांच्याबरोबर कितीतरी रात्री काढल्यात. पण त्या दाबाच्या हवेने हातोडा चालवतात. ती हवा खडकातलं पेट्रोल उडवून लावते, नाहीतर फटींतून शेजाऱ्याच्या विहिरीत ढकलते, आणि कॉम्प्रेसरचं तेल पाण्यात मिसळतं ते वेगळंच. म्हणून खडकाचा गाभा, म्हणजे सलग दांडा, काढणारं संथ यंत्र आणलं. दिवसाला आठ-दहा मीटर. लोक येऊन बघायचे आणि हळहळायचे.

गाभ्याचे तुकडे लाकडी पेटीत ओळीने मांडले की जमिनीचं पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. वर मुरूम, मग तडे गेलेला पाषाण, मग घट्ट काळा, खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, त्याखाली गेरूसारखा लाल पट्टा. लाव्ह्याचा एक थर संपून पुढचा यायच्या आधीची ती जुनी जमीन. घट्ट पाषाणातून पाणी जात नाही. जातं ते तड्यांतून आणि मांजऱ्यातून. पुस्तकातल्या आकृतीत वाळूमधून पसरणारा प्रदूषणाचा गोल गरगरीत ढग असतो. दख्खनच्या खडकात तसा ढग नसतो. तो हाताच्या बोटांसारखा जातो, आणि कुठलं बोट किती लांब ते वरून दिसत नाही.

पंपाजवळच्या दोन भोकांत पाण्यावर पेट्रोल तरंगत होतं. तेल कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते सांगणारी फीत असते, वेगवेगळा आवाज करते. अण्णांनी लगेच विचारलं, एवढी जाडी म्हणजे खाली किती लिटर? ते तसं काढता येत नाही. भोकात गोळा होणारी जाडी खडकातल्या जाडीपेक्षा नेहमीच वेगळी असते, बहुधा जास्त.

आता मी जिथे चुकले ते.

भोकांमधल्या पाण्याच्या पातळ्या मोजल्या, उतार काढला. पाणी पूर्वेला, नाल्याकडे चाललं होतं. जमिनीचा उतारही तिकडेच, वास येणारी विहीरही तिकडेच. सगळं जुळत होतं. म्हणून नमुने घ्यायच्या नऊ विहिरी आणि बोअर मी निवडले, ते सगळे उताराच्या बाजूचे. चढाच्या बाजूला, पंपाच्या मागे, एक कॉलनी आहे. तिथले बोअर मी यादीतून वगळले. तिथे कोणाची तक्रार नव्हती, कुणालाही वास येत नव्हता.

नमुना घेणं हे सोपं दिसणारं आणि सगळ्यात सहज बिघडणारं काम. पेट्रोलमधलं बेन्झिन हे विषारी रसायन उडतं. बाटलीत पाणी खळखळत ओतलं की ते निघून गेलं. त्यासाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या छोट्या कुप्या असतात, आत आम्लाचे थेंब घातलेले, म्हणजे जिवाणू वाटेत बेन्झिन खाऊन टाकत नाहीत. मोटार आधी पुरेशी चालवायची, मग बारीक धारेने, भिंतीवरून ओघळत पाणी भरायचं. वर फुगवटा आला की झाकण लावायचं. मग कुपी उलटी करून टिचकी मारायची. हवेचा एक बुडबुडा दिसला तरी फेकून द्यायची, नवी भरायची. बर्फाच्या पेटीत शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपीही सोबत फिरवायची. प्रयोगशाळेत तिच्यात काही सापडलं तर सगळा प्रवासच नासला असं समजायचं. बेचाळीस अंशांच्या उन्हात पेटी गाडीत घालून आम्ही पुण्याला निघालो, टेंभुर्णीला बर्फ बदलला, भिगवणला पुन्हा बघितला. पोचल्यावर पेटीतला थर्मामीटर चार अंशांवर होता. त्या आकड्याचा मला जो आनंद झाला तो सोबतच्या ड्रायव्हरला कळला नसावा.

निकाल अपेक्षेप्रमाणे आले. दगडी विहीर पूर्ण गेलेली, तिच्या खालचे दोन बोअर दूषित, नाल्याजवळचे स्वच्छ. त्या विहिरीचं पाणी मेकॅनिक वर आल्या दिवसापासून कोणी पीत नव्हतं. मला वाटलं, धोका आटोक्यात आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचे थेंब पडले म्हणून मी पंपामागच्या कॉलनीत एका आजोबांच्या ओट्यावर टेकले. ते मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हापासून तिथेच राहतात. मी गाभ्याच्या पेट्या मांडल्या होत्या त्या जागेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथं खाण होती बघा. दगडाची. सुरुंग लावायचे. नंतर भराव टाकला आणि प्लॉट पाडले." मग सहज म्हणाले, "आमच्या ओळीतले चार बोअर एकाच पाण्यावर हायत. वरच्यांनी मोटार लावली की आमची धार बारीक होतेय."

मी वही काढली. सुरुंगांनी भोवतालचा पाषाण तडकलेला असणार. त्यावर मोकळा भराव. आणि त्या पलीकडे चार बोअर, उन्हाळाभर, नळाला पाणी नसलेल्या प्रत्येक दिवशी उपसणारे. जमिनीचा उतार पूर्वेला असेल, पण दिवसातले दहा-बारा तास पाण्याचा उतार मोटारी ठरवत होत्या. मी पातळ्या मोजल्या त्या सकाळी सहाला, मोटारी सुरू व्हायच्या आधी. त्या दिवशी संध्याकाळी, चारही मोटारी चालू असताना पुन्हा मोजल्या. पंपाच्या पश्चिमेच्या भोकातलं पाणी खाली गेलं होतं. ते कॉलनीकडे ओढलं जात होतं. चढाकडे.

दुसऱ्या दिवशी चारही बोअरचे नमुने घेतले. तिसऱ्या बोअरवर सहा घरं पाणी पीत होती. तो बोअर ज्यांच्या दारात आहे त्यांना मी मावशी म्हणते. त्यांनी आतून कागद आणून दाखवला, मागच्याच वर्षी पाणी तपासलेलं. टीडीएस, कठीणपणा, क्षार, जिवाणू, सगळं ठीक. "आमच्या पाण्याला वास नाही की ओ," त्या म्हणाल्या आणि त्याच पाण्याचा चहा माझ्यासमोर ठेवला. निकाल हातात नव्हता, त्यामुळे मी काही बोलू शकत नव्हते. "आजपासून निकाल येईपर्यंत पिऊ नका," एवढं सांगितलं. कप तसाच राहिला, त्यांनी तो बघितला.

नऊ दिवसांनी कळलं. तिसऱ्या बोअरमध्ये बेन्झिन होतं, मर्यादेच्या तिपटीहून थोडं जास्त.

पिण्याच्या पाण्यात बेन्झिन किती चालेल, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. आणि पाण्यातल्या बेन्झिनचा वास माणसाच्या नाकाला यायला लागतो तो लिटरला साधारण १० मिलिग्रॅमपासून. म्हणजे हजार पटीने. मर्यादेपासून नाकापर्यंतच्या या एवढ्या मोठ्या पट्ट्यात पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, आणि पिण्यालायक नाही. दगडी विहिरीने ओरडून सांगितलं म्हणून तिथले लोक वाचले. हा बोअर गप्प होता. आणि मी वासाच्या मागे गेले, ज्या शास्त्रात मला वासावर विसंबू नको असं शिकवलं होतं.

पेट्रोलमध्ये बेन्झिन जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं, भारत स्टेज सहा या इंधनाच्या मानकाची ती मर्यादा आहे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. मी मावशींच्या ओट्यावर कागदावर हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलमध्ये दहा मिलिलिटर बेन्झिन, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. ते लिटरला १० मायक्रोग्रॅमने वाटलं तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत पोचतं. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर. एका लिटरमागे. सगळंच्या सगळं काही पाण्यात जात नाही, बरंचसं उडतं, बरंचसं मातीला धरून राहतं, जिवाणू खातात. तरी पण.

मावशींच्या सुनेने विचारलं, उकळून प्यालं तर? उकळल्यावर ते उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि आपण ते श्वासातून घेतो. अंघोळीच्या गरम पाण्याचंही तेच. आरओ? त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कार्बनचा फिल्टर बेन्झिन धरतो, पण तो भरला की सोडून द्यायला लागतो आणि कधी भरला ते घरात कळत नाही. म्हणून एकच उत्तर होतं, मोटार बंद.

मग मावशींनी तो प्रश्न विचारला. "मग इतके दिवस प्यालो त्याचं काय?"

"काही होत नाही" असं म्हणणं सोपं होतं. बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा अशा हिशेबाने काढली आहे की जन्मभर तेवढं पाणी प्यालेल्या एक लाख माणसांत फार तर एक जास्तीचा कर्करोग. तुमचं पाणी त्याच्या तिप्पट होतं, पण महिने मोजकेच. धोका लहान आहे, शून्य नाही, आणि तो तुम्ही पत्करलेला नव्हता. हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. घरातल्या दोन लहान मुलांना त्यांनी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घेतलं, मी सोबत गेले. रिपोर्ट नॉर्मल आले. एवढ्या कमी प्रमाणात रक्ताच्या साध्या तपासणीत काही दिसत नसतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं आणि मीही. तरी तो कागद मावशींनी जपून ठेवला आहे.

अहवाल लिहिताना अण्णा एकदा हळूच म्हणाले, "मॅडम, चढाकडच्या बोअरचं कागदावर घ्यायलाच पाहिजे का? तिथं तर कुणी तक्रार केली नाही." मला राग आला, पण त्यांचा चेहरा बघून तो टिकला नाही. वडिलांनी उभा केलेला पंप, पंधरा माणसांचे पगार. मी सांगितलं, घ्यायलाच पाहिजे, आणि नुसतं अहवालात नाही, प्रत्येक घराला त्यांच्या पाण्याचा निकाल मराठीत, सहीनिशी. ते तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी समाजमंदिरात बैठक ठरली ती त्यांनीच ठरवली, आणि पिण्याच्या पाण्याचा टँकरही त्यांनीच सुरू केला, कुठलंही पत्र यायच्या आधी. सरकारी कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एका कार्यालयात माझा अर्ज दुसऱ्या टेबलावर जायला पाच आठवडे लागले आणि त्याच इमारतीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने रविवारी स्वतः येऊन पातळ्या मोजायला मदत केली, एवढंच.

जमीन साफ करण्याचं काम माझं नव्हतं, ते मी बाजूने बघितलं. भिजलेली माती आणि मुरूम घातक कचरा म्हणून बंद गाड्यांतून रांजणगावला गेला. भोकांतलं तरंगतं पेट्रोल काढलं. मुरुमातली वाफ पंपाने ओढून कार्बनमधून सोडली. महिनोन्‌महिने तो पंप घरघरत होता आणि शेजारच्या शाळकरी मुलांची त्याच्याबद्दल तक्रार होती.

पावसाळा चांगला झाला. ऑगस्टमध्ये उजनी भरली. ऑक्टोबरमध्ये नमुने घेतले आणि मावशींच्या बोअरमध्ये बेन्झिन वाढलेलं निघालं. बैठकीत लोक चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. एवढे खड्डे काढले, एवढ्या गाड्या गेल्या, आणि आकडा वर? मी फळ्यावर विहीर काढून दाखवली. उन्हाळ्यात पाणी खाली होतं, तेव्हा पेट्रोलही त्याच्यासोबत खाली उतरलं आणि वाटेतल्या मुरुमाला, तड्यांना चिकटत गेलं. पावसाळ्यात पाणी चढलं, त्या चिकटलेल्या पट्ट्यातून वर आलं, आणि ते धुऊन घेत आलं. पाणी वाढलं की प्रदूषण पातळ होतं असं आपण धरून चालतो. आमच्या खडकात पहिल्या वर्षी उलट झालं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की इथेनॉल म्हणजे काय ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. पेट्रोलमध्ये ते मिसळलं जातं, आणि ते पाण्यात पूर्ण विरघळतं. जमिनीतल्या जिवाणूंना बेन्झिनपेक्षा इथेनॉल आवडतं. ते आधी इथेनॉल खातात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि बेन्झिन खायची पाळी येते तेव्हा खायला दम उरत नाही. त्यामुळे बेन्झिन जास्त लांब जातं. पंपांच्या गळतीबद्दलचे जुने अंदाज इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवरचे आहेत. ते आता जसेच्या तसे धरू नयेत, हे मी अहवालात ठळक अक्षरात लिहिलं.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. संशयित जागा कळल्यापासून प्राथमिक तपासणीला नव्वद दिवस, सविस्तर तपासणीला पुढचे नव्वद. ते वाचताना मी नकळत आमचा हिशेब केला. मेकॅनिक वर आला त्या दिवसापासून मावशींच्या पाण्याचा निकाल हातात येईपर्यंत महिन्याहून थोडे जास्त दिवस लागले. आणि त्या आधीचे सहा महिने, जेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं, ते कुठल्या नियमात बसतात?

मे २०२५ मध्ये तिसऱ्या बोअरचा आकडा पहिल्यांदा मर्यादेखाली आला. आम्ही आधीच ठरवलं होतं की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, असा सलग दोन्ही वेळा खाली आला तरच बोअर मोकळा करायचा. मग सप्टेंबरमध्ये सीना नदीला मोठा पूर आला. वस्तीपर्यंत पाणी आलं नाही, पण पावसाने जमीन तुडुंब झाली, बोअरची पातळी मी कधी बघितली नव्हती एवढी वर आली. मी नोव्हेंबरपर्यंत थांबले आणि कुप्या घेऊन गेले.

मोटारीचे फ्यूज मावशींनी दीड वर्षापूर्वी स्वतःच्या हाताने काढून देवघरातल्या डब्यात ठेवलेत, पोरांनी चुकून मोटार लावू नये म्हणून. नमुन्यापुरते ते त्या आणून देतात आणि लगेच परत घेऊन जातात. त्यांच्या नातवाला आता बुडबुडा ओळखता येतो. त्याने कुपी उलटी केली, टिचकी मारली, उजेडात धरली, आणि "नाही" म्हणाला. मावशींनी फ्यूज हातात धरून विचारलं, "ठेवू की राहू देऊ?"

"ठेवा," मी म्हणाले. "निकाल यायचाय."